टाळी द्या आणि मागे फिरा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. पोहण्याच्या तलावावर, खोल पाण्याच्या बराच अलीकडे उभा असतो. माझ्यावर एक मोठा लाल पंजा छापलेला आहे. पूर्वी मात्र माझा थाट काही औरच होता.

मला घडवणाऱ्या बाईंना त्यांची भाची मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मावशीची एक सवय होती. डिझाइन छापून झालं की ते भिंतीवर लावायचं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. तशातही जे दिसतं तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं, असं ती म्हणे. माझ्यावर तिने वर 'पाणी खोल आहे' अशी अक्षरं छापली आणि खाली एक गुबगुबीत, हसरा, केशरी मासा. किलकिल्या डोळ्यांनाही तो मासा लख्ख दिसला. मावशी खूश झाली.

मला खोल पाण्याच्या अगदी काठाशी लावलं. येणारा जाणारा थांबून बघे, वाहवा करी. मीही जरा फुगलोच होतो.

एका दुपारी मावशी तिच्या भाचीला, चिमीला, घेऊन आली. चिमीला अजून वाचता येत नव्हतं. तिला दिसला फक्त मासा. मावशी टॉवेल काढायला वळली तोच ही ओल्या फरशीवरून तडक माझ्याकडे धावली. माशाला हात लावायला गेली, पाय घसरला आणि धपकन पाण्यात! मला ना हात, ना आवाज. मी नुसता बघत राहिलो. पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी कपड्यांनिशी उडी घेतली आणि तिला वर काढलं. चिमी खोकली आणि तिने जे भोकाड पसरलं, ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.

"अगं, तिकडे कशाला गेलीस?" मावशीने तिला कवटाळून विचारलं.

"मासा बोलावत होता ना मला!"

मावशी मटकन खाली बसली. बसल्यावर तिने चिमीच्या उंचीवरून मला पाहिलं. अक्षरं पार वर राहिली होती. समोर होता तो मासाच.

"मास्तर, मीच बोलावलं हो तिला. आता हे काम नको मला."

"काम सोडून कसं चालेल?" मास्तर कपडे पिळत म्हणाले. "हा मासा आधी उतरवा. दुसरं कोण करणार?"

मग मावशीने नवे नमुने काढले आणि या वेळी चिमीलाच दाखवले. पोहणाऱ्या माणसावर फुली पाहून चिमी म्हणाली, "हा काका नाचतोय." कवटी पाहून म्हणाली, "याचे दात बघ!" लाल पंजा दिसताच ती पळत गेली आणि तिने त्याला टाळी दिली. मावशीने कपाळावर हात मारला. पण टाळी देऊन चिमी हसत हसत मावशीकडे परत आली होती. मावशीच्या मनात आलं, मुलं फलकाकडे धावणारच असतील, तर फलक काठावर हवाच कशाला?

माझा मासा खरवडून निघाला, पंजा चिकटला आणि मी काठापासून दूर, चिमीच्या डोळ्यांच्या उंचीला आलो. पहिल्या दिवशी मावशी बाकावर श्वास रोखून बसली होती. चिमी आली, टाळी दिली, मागे फिरली. तिच्यामागून बाकीची मुलंही तसंच करू लागली. मावशीने सोडलेला सुटकेचा निःश्वास मला इथपर्यंत ऐकू आला. तिने ते काम सोडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. माझा पत्रा गंजला. लोक माझ्यावर ओले टॉवेल टाकू लागले. त्यांच्याखाली मी दिसेनासा होई आणि जीव टांगणीला लागे. परवा मास्तरांनी मावशीला बोलावून घेतलं.

"पंजाचा रंग गेला बघा. नवा लावावा लागेल."

मावशी गुडघे सावरत माझ्यासमोर बसली. वरची बोटं अजून लाल होती. तळहात तेवढा पांढरा पडला होता. तिने त्यावर हात ठेवला.

"रंग गेला नाही, मास्तर. मुलांनी नेला."

आता मला नवा पंजा मिळाला आहे आणि फार हायसं वाटतं आहे. मित्रांनो, एवढंच करा, माझ्यावर टॉवेल टाकू नका. जवळ आलात तर एक टाळी द्या आणि मागे फिरा.