शर्टाचा सोगा

शिकारीच्या पहिल्या सकाळी इर्याचं मन कधीच थाऱ्यावर नसायचं. बाकीच्यांना तो उत्साह वाटे. उत्साह कसला डोंबलाचा! तिला कँपवरच्या लाकडी घरातल्या त्या भिंतीपासून लवकरात लवकर लांब जायचं असे, एवढंच.

भिंत शेगडीमागची. तिच्यावर कापडाच्या तुकड्यांच्या रांगा. लाहती घराण्याचा नियमच होता: हरणावर गोळी झाडली आणि नेम चुकला, तर सगळ्यांदेखत शर्टाचा मागचा सोगा कात्रीनं कापायचा, त्यावर नाव नि साल लिहायचं आणि खिळ्याला बांधून टाकायचा. काका, मामा, जावई, एकदा तर चर्चचा पाद्रीसुद्धा, कुणाची सुटका झाली नव्हती. खालच्या रांगेतला निळ्या चौकडीचा लहानसा तुकडा इर्याचा. तो कापला तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

"आई, चुकले तर हाच शर्ट कापणार? मला हा आवडतो गं," केशरी जाकीट चढवता चढवता सेल्मा म्हणाली. तिचं तेरावं चालू होतं आणि रायफल घेऊन जायची ही पहिलीच वेळ.

"मग दुसरा घाल. आम्हाला कापायला कुठलाही चालतो," वाइनो आजोबा म्हणाले. इर्याचे वडील अठ्ठ्याहत्तरीचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जंगलात जाणं बंद होतं, पण कात्रीला धार मात्र दर वर्षी स्वतः लावायचे.

"आजोबा, कात्री जवळच ठेवा. ताई चुकणारच आहे," दहा वर्षांच्या रीनोनं सांगून टाकलं.

"आधी तुझी जीभ कापते," सेल्मा म्हणाली.

पोरांचा बाप मोठ्या सरोवरात लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला. सरोवर गोठून बोटी बंद होईपर्यंत तो काही घरी यायचा नाही. त्यामुळे पोरांना शिकवणं इर्याकडे आलं होतं. उन्हाळाभर तिनं वाळूच्या खाणीत रिकामे डबे मांडून लेकीकडून घोटून घेतलं होतं. दस्ता खांद्यात रुतव. गाल लाकडाला लाव. श्वास अर्धा सोड. चापाला हिसका द्यायचा नाही, दाबत जायचं. पोरगी दहातले नऊ डबे उडवायची. पण डब्याला पाय नसतात आणि तो वळून बघत नाही, हे इर्याला कुणी सांगायला नको होतं.

उजाडायच्या आत तिघं लपणात जाऊन बसली. फळ्यांची तीन बाजूंची खोली, पुढं चारेकशे पावलांचं मोकळं रान आणि त्यापलीकडे देवदारांची दलदल. इर्या बसल्या जागी चुळबुळत होती. थर्मास उघडला, बंद केला. काडतुसं मोजली, परत मोजली.

"आई, मला म्हणतेस हलू नको आणि स्वतः बघ," रीनो कुजबुजला.

आठच्या सुमाराला शिंगाळा नर बाहेर आला. आठ टोकांची शिंगं, मान खाली घालून सावकाश चाललेला. सेल्मानं दस्ता लावला, गाल टेकवला, सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. शेवटच्या क्षणी त्यानं मान वर करून लपणाकडं पाहिलं आणि पोरीच्या बोटाला हिसका बसला. आवाज घुमला. शिंगाळ्यानं उडी घेतली आणि तो दलदलीत दिसेनासा झाला.

"चुकला!" सेल्मा लगेच म्हणाली. आणि हसली. "चुकला गं आई. चला, जाऊ दे सोगा. कापा म्हणावं आजोबांना."

इर्यानं वळून लेकीकडं पाहिलं. असं घाईचं हसू तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं, चौदाव्या वर्षीचं होतं.

"चुकला कुठं?" रीनोच्या डोळ्यांना अजून दुर्बीण होती. "त्यानं पाठीची कमान केली. मी बघितलं ना!"

"तू गप रे! तुला काय कळतंय?"

इर्या एकटीच रानात जाऊन आली. गवतावर पांढुरके केस होते आणि काळपट रक्ताचे दोन थेंब. पोटाकडं लागलं होतं. म्हणजे वाईट, जनावर लवकर मरत नाही आणि लांब जातं.

"लागलंय," ती परत येऊन म्हणाली. "आता थांबायचं."

सेल्माचं तोंड उतरलं. "किती?"

"तीन तास तरी. लगेच मागं गेलं की ते उठतं आणि पळत सुटतं. मग कुणालाच सापडत नाही."

"आपण चुकला असंच सांगू या ना," सेल्मा हळूच म्हणाली. "सोगा कापला की संपलं. सगळेच चुकतात. जखमी करून सोडलं म्हटलं की आजोबा परत रायफलला हात लावू देणार नाहीत. तेच म्हणतात ना तसं?"

तेच म्हणत. चौतीस वर्षांपूर्वीही म्हणत. इर्याला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. तिनं पोरांना मांस भरलेली पेस्टी दिली; कुणी खाल्ली नाही. ती उठली, बसली, परत उठली. तासाभरात बर्फ पडायला लागलं. आता जीव खरोखर टांगणीला लागला. थांबावं तर रक्त झाकलं जाणार, निघावं तर जनावर उठणार. तिच्या वेळी अशीच सकाळ होती, फक्त बर्फाऐवजी गारठलेला पाऊस होता आणि दलदलीच्या तोंडाशी ती एकटी उभी होती. तिथून ती परत फिरली होती.

"उठा," ती म्हणाली. "रीनो, थेंब दिसला की तिथंच उभा राहा. बडबड नाही."

थेंब, मग वीस पावलं काहीच नाही, मग सालीवर एक डाग. बूट चिखलात रुतत होते. दोनदा माग हरवला आणि दोन्ही वेळा सेल्मानंच गुडघ्यांवर बसून, हातमोजे काढून, बोटांनी बर्फ बाजूला करत तो शोधला. अकराच्या सुमाराला पडलेल्या देवदाराखाली शिंगाळा दिसला. पाय दुमडून बसला होता. त्यानं मान उचलली, पण उठणं त्याच्यानं झालं नाही.

"आई, तू मार," सेल्मा रडत म्हणाली. "मला नाही जमायचं."

इर्याचा हात रायफलकडं गेला होता. तो तिनं मोठ्या कष्टानं लेकीच्या खांद्यावर ठेवला. "जमेल. मानेच्या मुळाशी. श्वास सोड. अर्धा. थांब. आता दाबत जा."

यावेळी हिसका बसला नाही.

शिंगाळा ओढत ओढत कँपवर पोचेपर्यंत दुपार झाली. आजोबा कात्री घेऊन दारातच उभे. "दोन गोळ्या ऐकल्या! दोन सोगे की काय?"

सेल्मानं नाक पुसलं. "पहिली पोटाला लागली, आजोबा. माझा हात हलला. तीन तास तो तसाच होता. दुसरी मारावी लागली. मी आधी चुकला म्हणणार होते."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, तिच्या गुडघ्यांवरच्या चिखलाकडं, लाल झालेल्या बोटांकडं. मग कात्री खिशात घातली. "बूट काढ आणि शेगडीपाशी बस. मागून जाऊन आणलंस ना? मग कसला सोगा!"

इर्या भिंतीसमोर उभी होती. आता गप्प राहिलं तरी कुणाला कळणार नव्हतं. पोर मात्र खरं बोलून शेगडीपाशी बसली होती. इर्यानं निळ्या चौकडीला हात घातला.

"बाबा, हा इथला नाही. तेव्हा माझा नेम चुकला नव्हता. हरणाला लागलं होतं. मी मागं गेलेच नाही."

सेल्मा आणि रीनो आईकडं बघत राहिली. वाइनो शेगडीत लाकूड सारत होते. ते सारून झालं, तेव्हा म्हणाले, "ठाऊक आहे. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तो ओढ्यापलीकडं मेलेला सापडला. मीच पुरला."

"मग बोलला का नाहीत?"

"जखमी जनावराच्या मागं लगेच जायचं नसतं, इर्या. मी थांबलो. वाटलं, येशील तासाभरात."

ती कापड खसाखसा ओढायला लागली. म्हातारा गुडघे सांभाळत उठला आणि त्यानं खिशातली कात्री तिच्या हातात दिली.

"हिनं काप. दोरा मी बांधलाय. ओढून निघायचा नाही."