करपलेलं दूध आणि मी

मी एक जुना ओव्हन आहे. आकाराने गोल, अॅल्युमिनियमचा, आणि झाकणात वाटीएवढी काच. मला ना बटण, ना काटा. वायर लावली की तापतो, काढली की निवतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या झगमगीत ओव्हनांपुढे मी म्हणजे निव्वळ भंगार. हसा खुशाल. पण माझ्यादेखत एका चांगल्या आचाऱ्याची जी दशा झाली, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला आणि म्हापशाच्या एका दुकानात मी फळीवर येऊन बसलो. गोवा राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. एके दिवशी जयराम आला. पेडण्यातल्या केरी गावचा, हरमलच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलातला आचारी. त्याने माझं झाकण दहादा उघडून पाहिलं, दुकानदार वैतागला, आणि मग बसमधून घरापर्यंत त्याने मला मांडीवर नेलं.

हॉटेलात उतरलेल्या एका इटालियन बाईने त्याला एक पदार्थ शिकवला होता. पास्त्याचे, म्हणजे मैद्याचे, मोठे पोकळ शिंपले अर्धवट उकडायचे, त्यांत पनीर, किसलेलं चीज, मिरपूड आणि जायफळ भरायचं. खाली टोमॅटोचा रस, वर लोण्यात मैदा परतून दूध घालून केलेला पांढरा दाट रस, त्यावर पुन्हा चीज. मग भाजणं माझ्याकडे. त्याची बायको सुमंगला ते शिंपले पहिल्यांदा बघून म्हणाली, "हे तर खुबेच दिसतत! भितर मास खंय?" पण खाल्ल्यावर तिने बोटंसुद्धा चाटली.

ती वर्षं माझी चैनीची. पूर्वी सुमंगला तवसाळी, म्हणजे काकडीचा गोड केक, करताना झाकणावर निखारे ठेवायची आणि धुराने डोळे चोळायची. ते काम माझ्याकडे आलं. शेजारणी माझ्या काचेला डोळा लावून बसत. मी जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू?

मग एका जूनमध्ये तेरेखोलच्या फेरीबोटीच्या धक्क्याच्या उतारावर शेवाळलं होतं, आणि जयरामची स्कूटर घसरली. डोक्याला मार लागला. जखम भरली, पण त्याला वास येईना. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिभेला काही झालेलं नाही, नाकाची नस दुखावली आहे. वास परत येईल किंवा येणारही नाही.

मित्रांनो, आचाऱ्याचं नाक गेलं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. जयराम दिवसभर वास घेत हिंडायचा. कांदा, सुका बांगडा, चिरलेला लसूण, दिव्याचं रॉकेल, एकदा तर त्याने माझ्या पोटातच डोकं घातलं. खारट, आंबट, गोड, तिखट त्याला कळे. बाकी सगळं त्याला पाण्यासारखं लागे. तीन महिने तो हसला नाही.

पावसाळाभर बंद असलेलं हॉटेल ऑक्टोबरात उघडायच्या आधी मालकाचा निरोप आला, की येऊन तोच पदार्थ करून दाखव, जमला तर काम तुझंच. जयरामने आधी घरी करून बघायचं ठरवलं. त्याचे हात सगळं जाणत होते. पण पांढरा रस ढवळताना त्याने शिंपल्यांचं पाणी ओतायला पाठ फिरवली, आणि तेवढ्यात दूध तळाला लागलं. करपट वास घरभर झाला. तो भांड्यापाशीच उभा होता, त्याला पत्ता नाही. सुमंगला दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, पदर नाकाला लावला आणि मान पुन्हा खाली घातली.

तिचं माहेर डिचोलीतलं नार्वे. तिथे पानात वाढलेल्याला नाव ठेवायचं नाही, असा कडक दंडक. खारट असो, कच्चं असो, निमूट खायचं आणि वर बरं झालंय म्हणायचं.

"कशें जालां?" तिला पान वाढून जयरामने विचारलं.

"बरें जालां."

"खरें सांग गो."

"तुमच्या हातचां कधी वायट जाता?"

तिने पान पुसून खाल्लं. जयराम हसला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पत्र्याला कसली वाचा!

चार दिवसांनी हॉटेल उघडलं, तो हरमलला गेला आणि भर दुपारीच परत आला. पाहुण्यांनी ताटं परत पाठवली होती. मालकाने सगळ्यांसमोर भांडं हुंगून विचारलं होतं, दूध लागलेलं तुला कळलं नाही?

"त्या दिसा घरांतय लागलेलें?" जयरामने तिला विचारलं.

सुमंगला चुलीतलं लाकूड पुढे सारू लागली.

"सांग!"

"लागलेलें."

"आनी तू खाल्लंय?"

"पानातल्याक नांव कशें दवरूं? आनी तुमी हांसलात... तीन म्हयन्यांनी."

"हांव आंधळो," जयराम म्हणाला, "आनी तू म्हाका फुडें वाट बरी आसा म्हण सांगलंय."

मग त्याने मला उचललं आणि अंगणात भिरकावलं. माझी काच तडकली. दोन दिवस मी पोफळीच्या बुडाशी पडून होतो. आपलं संपलं, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी सुमंगलेने मला आत नेलं, पुसलं, आणि दुधाची लोटी त्याच्यापुढे ठेवली.

"करा."

"कित्याक?"

"हांव सांगतंय म्हणून."

त्याने केलं. दूध पुन्हा लागलं. त्याने तिच्या पानात वाढलं. तिने एक घास घेतला. तिचे डोळे भरून आले, आणि जन्मात पहिल्यांदा तिने वाढलेलं पान पुढे ढकललं.

"करपलां," ती म्हणाली. "टाकून दिया. परत करा."

जयरामने सगळं टाकून दिलं आणि भांडं घासायला घेतलं.

त्याचं नाक परत आलेलं नाही. हॉटेलवाल्यांनी दुसरा आचारी ठेवला आहे. माझ्या काचेच्या तड्यातून वाफ जाते आणि भाजायला दुप्पट वेळ लागतो. माझी निगा नाही राखली तरी चालेल. पण कुणी रांधून वाढेल आणि विचारेल, कसं झालंय, तेव्हा मित्रांनो, त्याला खरं सांगा. एका गोड शब्दापायी त्या दोघांनी काय भोगलं, ते मी पाहिलं आहे.

आता सुमंगला घरात नसली, तर जयराम दूध चुलीवर ठेवत नाही. ती येईपर्यंत उंबऱ्यावर बसून वाट बघतो.