पोळ्याच्या खेळातली पांढरी घोडी

बोरीतली दोन जाणती माणसं एका पिक्चरवरून उभं आयुष्य भांडली, असं सांगितलं तर बाहेरगावचा माणूस हसेल. हसू दे. त्यानं ती घोडी पाहिलेली नाही.

आश्रुबानं पाहिली होती. मिसरूड फुटायच्या वयात, ऐन पोळ्याच्या दिवशी, गावाबाहेर लागलेल्या तंबूत. पिक्चर अमेरिकेतला, घोडेस्वारांचा, आणि इतका लांबलचक की मध्ये दोनदा चहाची सुट्टी व्हायची. उजाड माळ, बंदुका, धुरळा, आणि एक पांढरीशुभ्र घोडी. बोलणं सगळं इंग्रजीत. म्हणून तंबूचा मालक महारुद्र मशीनजवळ बसून भोंग्यावरून मराठीत गोष्ट सांगायचा. शेवटी ती घोडी जखमी मालकाला पाठीवर घेऊन वाळवंट तुडवते, त्याला नदीकाठी पोचवते आणि आडवी होते. दमून निजते, असं आश्रुबा म्हणायचा. त्याचे बांधाशेजारी किशनराव दुसऱ्या दिवशीच्या खेळाला गेले होते. ते म्हणायचे, मरते.

एवढंच. पण एवढ्यावरून एकानं दुसऱ्याला थापाड्या म्हणायचं आणि दुसऱ्यानं पहिल्याला आंधळा. यंदा तर मारुतीच्या पारावर चारचौघांत पैज लागली. ज्याचं खोटं निघेल त्याची बैलजोडी पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून दुसऱ्याच्या मागून जाणार. बोरीत बैल मागे म्हणजे मालक मागे, आणि ते वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

पैज लागायला कारण झाली आश्रुबाची नात शिवकन्या. परभणीला कॉलेजात शिकणाऱ्या या पोरीनं इंटरनेटवर खोदून खोदून तो पिक्चर शोधून काढला, जुन्या डीव्हीडी विकणाऱ्या कुणाकडून मागवलाही. लहानपणी तिला झोपवताना आजोबांनी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. गोष्टीत पहाट झाली की घोडी उठायची, मगच शिवकन्या झोपायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या दुपारी सगळे आश्रुबाच्या घरी जमले. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या" असं त्यांच्या कानात सांगून आश्रुबा तसाच टीव्हीसमोर येऊन बसला होता. हात पिवळेजर्द.

"रिमोटला हात लावू नगा," छबूबाईनं नवऱ्याला दटावलं. "न्हाईतर त्याची बी खांदमळणी व्हायची."

साक्षीला महारुद्रअप्पांना बोलावलं होतं. म्हातारा आधी गुडघे दुखतात म्हणाला, मग घरी पाहुणे आहेत म्हणाला. शेवटी किशनरावांनी गाडीवर बसवून आणला, तर दाराजवळच टेकला. चहाला नको म्हणाला. चहाला नको म्हणणारा महारुद्रअप्पा बोरीनं कधी पाहिला नव्हता, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पिक्चर सुरू झाला आणि आश्रुबाच्या अंगावर सरसरून काटा आला. तेच माळरान, तीच शिट्टीची धून!

"आता पूल उडतोय बग!" तो ओरडला, आणि पूल उडाला.

"थांब, थांब, डोंगरामागून शंभर घोडी येतेत!" किशनराव खुर्चीवर पाय घेऊन बसले होते ते उभेच राहिले. आले की घोडेस्वार! मग दोघांनी एका सुरात महारुद्रअप्पांची जुनी वाक्यं म्हणायला सुरुवात केली. "अन् मंडळी, पाटलाच्या पोरानं घेतली बंदूक!" पडद्यावरचा गोरा कुणाच्या पाटलाचा पोर होता देव जाणे, पण दोघांना शब्दन् शब्द पाठ होता. शिवकन्या हसून हसून लोळत होती. पैज लागलीय हे दोघं विसरूनच गेले होते.

मग वाळवंट आलं, आणि किशनराव परत खुर्चीवर टेकले.

घोडी नदीकाठी पोचली. गुडघे टेकले, आडवी झाली. मालकानं तिच्या मानेवर डोकं ठेवलं, मग आपला कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभा राहिला.

"बग, पांघरून घालतोय," आश्रुबा घाईघाईनं म्हणाला. "थंडी वाजू न्हाई म्हणून. आता टोपीनं वारं घालंल."

त्यानं वारा घातला नाही. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. शिवकन्यानं ती वाचली आणि तिचं तोंड उतरलं.

"आबा, तो म्हणतोय, ती गेली."

आश्रुबानं दाराकडे पाहिलं. "अप्पा, तुमीच सांगितलं होतं ना? भोंग्यावर?"

महारुद्रअप्पा उंबऱ्याकडे बघत बोलले. "पोळ्याचा दिवस होता बाबा. तंबूत सगळे बैलवाले. ज्या दिशी जनावराला पुरनपोळी चारायची त्या दिशी जनावर मेलं म्हणून कोन्त्या तोंडानं सांगू? जीभच रेटंना. म्हनलं, दमली, निजली. दुसऱ्या दिशी मातूर खरं सांगितलं."

म्हणजे खोटा कुणीच नव्हता. पण पैज पैजच. आश्रुबाला बैलांच्या मानपानाचं तितकं वाटलं नाही. त्याची घोडी गेली, म्हातारपणी, भर दुपारी, त्याच्याच घरात. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पिवळ्या हातांनी पुसले.

"किसन, उद्या तुझी जोडी म्होरं," तो म्हणाला.

किशनराव पडलेल्या चेहऱ्यानं टीव्हीकडेच बघत होते. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

"थांबा की," शिवकन्या म्हणाली. "डब्यात अजून एक डिस्क हाय. पिक्चर कसा बनिवला ते दावत्यात."

दुसरी डिस्क फिरू लागली. कॅमेरे, तंबू, रंग फासलेले नट, सगळा पसारा. मग तोच नदीकाठ, त्याच कोटाखाली निपचित पडलेली घोडी. आश्रुबानं तोंड फिरवलं. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"उठली!"

आवाज किशनरावांचा होता. ते टीव्हीला नाक लागेल इतके पुढे गेले होते. "आश्रुबा, अरे बग, उठली! उठली रं!"

घोडी खरंच उठली होती. कोट झटकून टाकला, अंगावरची वाळू झाडली आणि एका टक्कल पडलेल्या माणसाच्या खिशात तोंड घालून गाजर शोधू लागली. शिवकन्या भराभरा सांगत होती, "त्यानं शिकिवलं होतं तिला! खांद्यावर थाप मारली की पडायचं अन् शिट्टी ऐकली की उठायचं!"

"मंग मी काय म्हनलो होतो?" महारुद्रअप्पा दारातून गरजले. "दमली हाय! निजली हाय!" आणि छबूबाईकडे वळून, "वैनी, च्या टाका."

आश्रुबा हसत होता, रडत होता, बायकोला, नातीला, टीव्हीला पिवळे हात लावत होता, आणि आज त्याला कुणी दटावत नव्हतं. किशनराव मात्र टीव्हीसमोर फतकल मारून बसले होते.

"तंबूतून घरापस्तोर रडत गेलतो मी," ते हळूच म्हणाले. "तू ती जित्ती हाय म्हनायचा तवा लय राग यायचा. वाटायचं, मंग मी रडलो ते काय फुकट?"

आश्रुबा त्यांच्याशेजारी खाली बसला.

"उद्या तुझी जोडी म्होरं काढ," किशनराव म्हणाले, आणि त्यांनी शिवकन्यापुढे रिमोट धरला. "पन आदी हिला अजून एक डाव उठीव, बाई."