डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

सवत काय फक्त बायकांनाच असते? वुकाशिनलाही होती, आणि तीसुद्धा मेलेली. देसांकाचा पहिला नवरा डोब्रिवोये कधीचाच देवाघरी गेला, पण त्याची जुनी मोटरसायकल अजून अंगणात ऐटीत उभी होती. तिच्या डॅशबोर्डवर त्याने जत्राच मांडली होती. घड्याळं काय, काटे काय, दिवे काय, आणि खाली वायरींचं हे एवढं जंजाळ! गल्लीतले म्हातारे राकिया दारूचा घोट घेत अजून म्हणायचे, "डोब्रिवोयेच्या हातात जादू होती बाबा." ऐकून वुकाशिनच्या पोटात दुखायचं.

"अगं, एवढा पसारा कशाला? स्पीडोमीटर तेवढा ठेवतो, बाकी सगळं काढून टाकतो," तो एकदा म्हणाला.

"काढ की! मला काय त्याचं?" चुलीवर लाल मिरच्या भाजत देसांका म्हणाली. इतक्या सहज हो म्हणाली, त्याचाही त्याला संशय आला.

घड्याळं गेली, काटे गेले. राहिला एक पिवळा दिवा. देसांका मागे बसली की हा मधूनच आपोआप लागायचा. वुकाशिन समजायचा, डोब्रिवोयेचं काम कच्चं, दुसरं काय! आता त्याने दिव्याच्या वायरीचा माग काढला, तर ती थेट मागच्या सीटखाली गेली. कव्हर उचललं. आत तापणारी तार, नागमोडी, हाताने शिवलेली. आणि कडेला, मागे बसणाऱ्याच्या हाताशी, एक बटण.

वुकाशिनच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे इतकी वर्षं ही बया माझ्या पाठीमागे बसून त्याची ऊब घेतेय! त्याने पक्कड उचलली आणि तार, बटण, दिवा, सगळं उपटून भंगारात फेकलं.

रविवारी दोघं मठाच्या डोंगराकडे निघाले. डॅन्यूबवरून बोचरा वारा सुटला होता. थोड्या वेळाने देसांका त्याला घट्ट बिलगली, दोन्ही हात त्याच्या खिशांत घातले. वुकाशिनला स्वर्ग दोन बोटं उरला. 'बघ रे डोब्रिवोये,' तो मनात म्हणाला, 'आता बस जळत!'

वर पोचल्यावर देसांका कुडकुडत उतरली.

"सीट का तापत नाही रे? वाटभर बटण चाचपत होते." मग तिची नजर पुढे गेली. "आणि दिवा कुठाय?"

"काढला!" तो गुरकावला. "लपूनछपून त्याची ऊब घेत होतीस ना?"

"लपून? अरे, दिवा तुझ्या नाकासमोर लागायचा की! मला वाटायचं, याला सगळं दिसतंय, तरी कधी एका शब्दाने टोमणा मारत नाही. शेजारणींना सांगायचे मी, असा मोठ्या मनाचा माणूस मिळायला नशीब लागतं म्हणून."

वुकाशिनने गाडी वळवली.

परतताना वारा जास्तच गार झाला होता. देसांकाने हात त्याच्या खिशांत घातले नाहीत. सीटमागचा लोखंडी दांडा धरून ती घरापर्यंत तशीच बसून राहिली.