अकरा सह्यांचा ड्रोन

मी पूल तपासणारा ड्रोन. सध्या कपाटावर, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला असतो. बॅटरी काढून घेतली आहे, त्यामुळे सुखदुःख फारसं कळत नाही. जे झालं ते मात्र नीट आठवतं.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या अभियंत्याचे बाबा पूल ठोकणारे. चाळीस वर्षं दोराला लटकून ते पुलाच्या पोटावर हातोडीने टकटक करत. काँक्रीट भरीव असेल तर आवाज खणखणीत, आतून सुटलं असेल तर बद्द. एकदा दोर निसटला आणि उजवा खांदा कायमचा गेला. तेव्हापासून लेकाने एकच ध्यास घेतला, यापुढे कुणी लटकायचं नाही.

म्हणून त्याने मला हात दिला. टोकाला हातोडी. दोन हलके ठोके, एक जड, अगदी बाबांच्या मनगटासारखे. कितीही वारा असो, पुलाला टेकलेला हात ढळत नसे. एका मोठ्या कंपनीलाही असंच यंत्र हवं होतं, पण त्यांचे ड्रोन पुलाला टेकले की भिंगरीसारखे फिरत. पेटंट मिळालं तर कंपनीला आमच्याकडे यावं लागलं असतं आणि पत्र्याच्या खोलीचा कारखाना झाला असता.

"अर्ज करून टाका आता," सूनबाई रोज म्हणायची. पेटंट हाती येईपर्यंत तिने चहा सोडला होता. माझ्यावरची धूळ पुसताना ती देवाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटायची. माझ्यासाठीच असावं.

पण पूल ठोकणाऱ्यांचा एक दंडक आहे. एकट्याच्या कानावर विसंबून पूल पोकळ म्हणायचा नाही. दुसऱ्याने ऐकून वहीत सही केली, तरच ते खरं. बाबा म्हणाले, "आधी माझ्या माणसांना ऐकू दे. मग खुशाल अर्ज कर."

बाबांचे अकरा जुने सोबती पुलाखाली जमले. मी ठोकलं, त्यांनी कान दिले. अभियंत्याने माझा हात उघडून आतली रचनासुद्धा दाखवली.

"याला पगार नको, रजा नको," एकजण म्हणाला.

"आणि तुझ्यासारखी कुरकुर तर मुळीच नाही," दुसरा म्हणाला. सगळे हसले आणि वहीत सह्या केल्या. खाली तारीख घातली.

चार महिन्यांनी अर्ज गेला. यंत्र खरोखर चालतं याचा पुरावा म्हणून अभियंत्याने ती वहीच जोडली. मोठ्या अभिमानाने.

कंपनीच्या वकिलाने अर्जाला हरकत घेतली आणि तीच वही पुढे केली. अर्जाआधी चार महिने अकरा परक्या माणसांना युक्ती उघड दाखवली, मग ती नवी कशी? पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला.

अभियंत्याने स्वयंपाकघरात उभ्यानेच ते पत्र वाचून दाखवलं.

"मग काय, आम्ही बघितलंच नाही असं खोटं सांगायचं होतं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. कुणाला सांगणार नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं होतं."

"माझ्या माणसांकडून?"

"हो."

बाबा म्हणाले, "मी असताना तुला ते जमलं नसतं." कुणीच आवाज चढवला नाही. सूनबाईने गॅस बारीक केला.

कंपनीलाही पेटंट मिळालं नाही, त्यांचा अर्ज तर आमच्याही नंतरचा. पण रचना आता सगळ्यांना खुली होती, आणि त्यांच्याकडे कारखाना होता. आता त्यांचे शेकडो ड्रोन पुलांवर ठोकत फिरतात. दोन हलके, एक जड. कुणी लटकत नाही. सूनबाई म्हणते, "मागितलं होतं ते मिळालं की. फक्त आपल्या दारातून नाही आलं." ती हे मनापासून म्हणते. मला तसं वाटायला हवं, पण आत काही हलत नाही.

त्यांचे बिघडलेले ड्रोन दुरुस्तीला अभियंत्याकडेच येतात. सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, आणि माझे त्यांना चपखल बसतात. दोन मोटरी गेल्या. गेल्या आठवड्यात कॅमेरा गेला, त्यामुळे हे सगळं आता ऐकूनच सांगतो आहे. टेबलावर स्क्रू ठेवल्याचा आवाज येतोय. आज हाताची पाळी दिसते.

एकच विनंती. वायर ओढू नका. आधी खालची क्लिप दाबा, मग हात सरळ निघून येईल.