पाहुणा बसलेला असताना

बाइंडरने पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली आणि तो मागच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. खळीचे थर बसून बसून कापड इतकं ताठ झालं होतं, की खिळ्यावरही कुणी उभं असल्यासारखं वाटे.

"आज तरी तो काढा, बाबा," लेकीने आल्या आल्या फर्मावलं होतं. "माणसं यायचीत. कोट घाला चांगला."

पुस्तकबांधणीचं दुकान बंद करून वर्ष उलटून गेलं होतं, तरी एप्रन काही अंगावरून उतरला नव्हता. घरी राहायचं ते बायकोसाठी. पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावरच कुणाकुणाची फाटकी पुस्तकं शिवत बसे. ती येता-जाता विचारी, "खळ वाळली का?" तो म्हणे, "वाळतेय." हे असं दिवसातून कितीदा तरी. तिला चहाचा डबा सापडत नसे, नळ उघडा राही, लेकीचं नाव ओठांपर्यंत येऊन माघारी फिरे; पण हा प्रश्न कधी चुकला नव्हता. त्याची सगळी भिस्त त्या एका प्रश्नावर होती.

लेकीने मात्र गावाबाहेरची एक संस्था बघून ठेवली होती. आईसाठी स्वतंत्र खोली, दिवसरात्र बाया. तो फोनवर सांगून थकला, "अगं, ती घर ओळखते, मला ओळखते." शेवटी म्हणाला, "तूच ये. पूर्वीसारखी चार माणसं बोलावतो. तिला बघ, आणि मग काय ते ठरव."

म्हणून ही दुपारची पार्टी. दाराची घंटा वाजली तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागला होता.

पण बायको, गल्लीतल्या सगळ्यांची वहिनी, दारात उभी राहिली, आणि मधलं वर्ष जणू गेलंच नव्हतं. "या, या. वाटच बघत होते," असं ती म्हणाली की आलेल्याला वाटावं, ही खरंच आपल्याचसाठी खिडकीत उभी होती. छत्री कुणाच्या हातात राहिली नाही, कप कुणाचा रिकामा राहिला नाही. पाहुणचार कुणाच्या जिभेवर असतो, कुणाच्या हातात; तिच्या तो तळपायांत होता. पाहुणा घरात असेपर्यंत ती कधी टेकली नाही. ती नवी नवरी असताना त्याने एकदा खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा तिने डोळे वटारले होते. "आलेल्या माणसाच्या रूपानं देवच येऊन बसतो म्हणतात ना? मग तो बसलेला असताना मी कशी बसू?"

"वहिनी, तुमच्या केकवर माझा दवाखाना चालला," दातांचे डॉक्टर तोंडात घास घेऊन म्हणाले. "अख्ख्या गल्लीचे दात तुम्ही किडवलेत."

"मग आज एक तुकडा जास्त घ्या. धंद्याला हातभार."

सगळे खो खो हसले. लेकही हसली, आणि हसता हसता तिने वडिलांकडे पाहिलं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत कोट सावरत बसला होता. बायकोने दुपारभरात एकाही माणसाचं नाव घेतलं नव्हतं. पण ते त्याच्याशिवाय कुणाच्या ध्यानात येणार? इतक्या गोडीने बोलणाऱ्या माणसाला नावं लागतात कुठे.

बशी घेऊन ती त्याच्यापुढेही आली.

"तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

"घेतो की," तो म्हणाला, आणि हळूच डोळा मारला. ती जराशी गोंधळली, तशीच हसली आणि पुढे गेली. चारचौघांत लाजली, असं त्याला वाटलं. मन कसं भरून आलं.

उन्हं उतरली तशी मंडळी उठू लागली. रिकाम्या हाताने कुणाला जाऊ द्यायचं नाही, हा घराचा शिरस्ता. त्याने उरलेल्या पुठ्ठ्यांचे, कडांना कापड लावलेले छोटे डबे करून ठेवलेच होते. ती एकेक भरून हातात देत होती, दारापर्यंत पोचवत होती. लेक सर्वांत शेवटी निघाली. पायरीवर वडिलांचा हात धरून थांबली.

"एकच विचारते, बाबा. तुम्हाला ओळखते ना ती?"

"अगं, रोज."

"मग राहू दे. संस्थेला मी नाही म्हणून कळवते." तिचे डोळे भरले होते. "उगाच घाई करत होते मी."

दार लागलं. तो खुर्चीत येऊन धपकन बसला. जिंकला होता. पाय लांब करून म्हणाला,

"बस आता. दमली असशील."

"छे हो, दमायचं काय त्यात? तुमचं सावकाश होऊ द्या."

तो हसला. ती हसली नाही. दाराजवळच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ती उभी होती. एका पायावरचा भार हळूच दुसऱ्यावर घेत होती. घोटे सुजले होते.

"सगळे गेले गं."

"हो ना," ती अदबीने म्हणाली. "तुम्हालाही उशीर होत असेल. घरी वाट बघत असतील."

त्याने तोंड उघडलं. 'अगं, मी' एवढं जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरून ठेवली होती, आणि चेहऱ्यावर मात्र पाहुण्याला कळू नये इतकं नीटनेटकं हसू होतं. सांगितलं असतं, तर आलेल्या माणसाला ओळखलं नाही म्हणून ती शरमेने मेली असती. आणि बसला असता, तर उभीच राहिली असती.

तो उठला. कोटाची बटणं लावली.

"निघतो. फार छान झालं सगळं."

"थांबा, असे कसे जाल?" ती आत गेली आणि पुठ्ठ्याचा एक डबा घेऊन आली. "परत या हं. आणि येताना घरच्यांनाही आणा."

"आणतो," तो म्हणाला.

रस्त्यावर उभं राहून त्याने खिडकीतून पाहिलं. ती सावकाश खुर्चीत बसली. चपला काढल्या. डोळे मिटले. तिचा श्वास शांत होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग घराला वळसा घालून मागच्या दाराशी आला, डबा पायरीवर ठेवला, कोटाची घडी करून त्यावर ठेवली, आणि आत शिरून खिळ्यावरचा एप्रन अंगात चढवला.

पावलं वाजली तशी तिने मान वळवली.

"खळ वाळली का?"

तो तिच्याजवळ आला. "वाळली."

"कुठे होतात तुम्ही? एवढी माणसं आली, आणि तुमचा पत्ता नाही."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागला.

"एक गृहस्थ तर उठेचनात," ती म्हणाली. "कुणाशी बोलले नाहीत फारसे. सारखे माझ्याकडेच बघत होते. पण माणूस वाईट नव्हता हो. घरी कुणी नसावं बिचाऱ्यांच्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्यासाठी केक काढून ठेवला होता, तो त्यांना दिला. रागावू नका."

"बरं केलंस."

"परत येतील का ते?"

"नाही येणार," बाइंडर म्हणाला. पाठीमागे हात नेऊन त्याने एप्रनच्या गाठीवर आणखी एक गाठ मारली, आणि तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.