समुद्राकडे उघडणारी हंडी

दशरथ चुरी डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले त्याला सोळा वर्षं झाली, तरी गाव त्यांना पार्सलबाबूच म्हणत असे. चिकूच्या करंड्यांवर दिल्ली-अहमदाबादच्या चिठ्ठ्या लावता लावता त्यांनी एका जाड वहीत डहाणूचा इतिहास लिहिला होता. चाळीस वर्षं लिहिला होता. वही कोणी वाचली नव्हती, कारण त्यांनी ती कोणाला दाखवली नव्हती. आणि दाखवली नव्हती, कारण कोणी मागितलीच नव्हती.

मागितली ती डिसेंबरात, मुंबईच्या एका सहल कंपनीच्या सोनल नावाच्या मुलीने.

"काका, आम्ही डहाणूत हेरिटेज फूड वॉक सुरू करतोय. प्रायव्हेट. दोघं-तिघंच पाहुणे, चालत चालत गाव बघायचं, खायचं, प्यायचं, गोष्टी ऐकायच्या. तुम्ही एकदाच आमच्याबरोबर चला आणि शेवटी या कागदावर सही करा. मग तुमची वही आम्ही छापतो. पाहुण्यांना भेट म्हणून देतो."

कागदावर लिहिलं होतं: 'या सहलीत सांगितलेली सर्व माहिती माझ्या अभ्यासाप्रमाणे खरी आहे.' खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली 'स्थानिक इतिहास अभ्यासक'. दशरथरावांनी ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. आयुष्यात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी वहीला नवं कव्हर घातलं आणि मनाशी ठरवलं, की पोरगी चार चुका करील, आपण त्यांच्याकडे काणाडोळा करू. पुस्तक निघाल्यावर खरं काय ते लोक वाचतीलच.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता ते स्टेशनबाहेर उभे राहिले. खिशात छोटी डायरी होती आणि कानावर पेन्सिल, पार्सल ऑफिसातल्या सवयीने. पाहुणे म्हणजे पार्ल्याचं एक जोडपं, जतीन आणि विनिता. जतीनने शिकारीला निघाल्यासारखी टोपी घातली होती. विनिता प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो काढायची आणि मगच तिच्याकडे बघायची. सोनलच्या गळ्यात कापडी पिशवी होती आणि पिशवीवर 'मुळांकडे परत' असं छापलेलं होतं. दशरथरावांची वही तिने त्याच पिशवीत ठेवून घेतली.

"वेलकम टू डहाणू, एक ऐतिहासिक नगरी," सोनल म्हणाली.

नगरी. दशरथरावांनी मागे वळून पाहिलं. रिक्षा स्टँडवर एक कुत्रं आडवं पडलं होतं आणि त्याच्या अंगावरून माणसं ओलांडून जात होती.

पहिला मुक्काम शैलेशच्या चहाच्या दुकानात. "हे एकोणीसशे बारा सालचं चहाघर," सोनल सांगू लागली. "या बाकावर बसून ब्रिटिश अधिकारी मस्का-पाव खायचे आणि गाडीची वाट बघायचे."

त्या बाकावर दशरथराव बसले होते. तो बाक शैलेशने शाळेच्या भंगारातून आणला, तेव्हा तो उचलायला त्यांनीच हात लावला होता. दुकान चौऱ्याण्णव साली सुरू झालं. त्याआधी तिथे शैलेशचा बाप कॅसेटी विकायचा. जतीनने बाकावरून हळुवार हात फिरवला. खालून कोणा दहावी नापासाने कोरलेलं बदामाचं चित्र त्याच्या बोटांना लागलं असणार.

शैलेशने चहा पुढे केला आणि दशरथरावांच्या कानाशी वाकला. "बाबू, साखर रोजच्यासारखी, की ब्रिटिशांसारखी?"

दशरथरावांनी चहाचा घोट घेतला. ते कधीच काही बोलत नसत. डायरीत त्यांनी लिहिलं: चूक एक.

फरसाणाच्या दुकानापर्यंत चार झाल्या. खमण म्हणे सैनिकांसाठी शोधून काढलं होतं, घोड्यावर बसून खाता यावं म्हणून. खमण हातात धरून ज्याने घोडा दौडवला असेल त्याच्या मिशांचं काय झालं असेल, याचा दशरथराव विचार करत राहिले. जतीन मात्र "वॉव" म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्ट वॉव होती. माणूस एवढा शिकतो, एवढा पगार मिळवतो, आणि समोरचा जे सांगेल ते तोंड उघडून गिळतो, खमणासकट. दशरथरावांना त्याची कीव यायला हवी होती. आली ती किळस.

किल्ल्यापाशी नवशी बसली होती. नवशी तलासरीकडची. थंडीत पहाटे काढलेली नीरा घेऊन ती टमटमने यायची आणि मडक्यातून स्टीलच्या पेल्यात ओतून द्यायची. एरवी तिच्या अंगावर नायलॉनची फुलाफुलांची साडी असे. आज ती गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून बसली होती आणि त्याचं तिला स्वतःलाच अवघड झालेलं दिसत होतं.

"वारली योद्धे युद्धावर निघण्यापूर्वी हे पेय घ्यायचे," सोनल म्हणाली. विनिताने नवशीचे चार फोटो काढले आणि पाचव्यासाठी तिला मान थोडी वर करायला सांगितली.

नवशीने मान वर केली आणि तिला दशरथराव दिसले. "बाबू, तू पण यांच्यात?"

"हो," दशरथराव पुटपुटले.

"माझा मोबाइल पिशवीत टाकायला लावलाय. तुझं काय काढून घेतलं?"

सोनल हसली, पाहुणे हसले. दशरथरावांनी नीरेचा पेला तोंडाला लावला, म्हणजे उत्तर द्यावं लागू नये.

किल्ल्याच्या भिंतीशी चिकूच्या फोडी वाटल्या गेल्या. हा किल्ला जिंकल्यावर मराठा सरदारांनी इथेच चिकूची मेजवानी केली, असं सोनलने सांगितलं. किल्ला पडला सतराशे एकोणचाळीस साली, आणि चिकू या पट्टीत आला त्याला अजून सव्वाशे वर्षंच झालेली. म्हणजे सरदार किल्ला जिंकून दीडशे वर्षं पंगतीत बसून राहिले होते तर. चूक नऊ. शेवटचा आकडा दशरथरावांनी इतका दाबून लिहिला की पेन्सिलीचं टोक तुटलं.

आता काणाडोळा करणं शक्य नव्हतं. अशा कागदावर सही केली तर आपल्या चाळीस वर्षांच्या वहीचं मोल त्या बदामाच्या बाकाएवढं. त्यांनी मनात ठरवून टाकलं: सही नाही. आणि ठरवल्याबरोबर त्यांना वहीचं नवं कव्हर आठवलं, कव्हरावर सुवाच्य अक्षरात घातलेलं नाव आठवलं. या जन्मी दुसरं कोणी ती वही मागणार नव्हतं. तुटक्या टोकाची पेन्सिल त्यांनी दगडावर घासली.

तिथून पायी सहल रिक्षातून किनाऱ्यावरच्या नरपड गावाला निघाली. ऊन झालं होतं आणि जतीनच्या बुटाने टाच खाल्ली होती. दशरथराव रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर बसले. वाटेत आणखी पाच चुका झाल्या. चौदा.

नरपडला बकुळा राऊतांच्या वाडीत जेवण होतं. बकुळा साठीची, कडक तोंडाची बाई. तिचे सासरे भास्करभाऊ हे गावच्या वाचनालयाचे चिटणीस. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. दशरथराव तरुणपणी त्यांच्या हाताखाली पुस्तकांवर नंबर घालायला जात. अंगणात निखाऱ्यांत मातीची हंडी पुरलेली होती. उकडहंडी. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, लसणाची पात, सगळं तेलमिठात कालवून, पाण्याचा थेंब न घालता, तोंडाला केळीचं पान बांधून. तिचा वास नाकात शिरला तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा दशरथरावांना कोणाचाही राग आला नाही.

"या पार्सलबाबू," बकुळा म्हणाली. "शेजारच्या चिखल्याचा माणूस नरपडची हंडी खायला पैसे देऊन आला की फुकट?"

"फुकट," दशरथराव म्हणाले.

"मग गप बसा आणि खा."

"एक मिनिट, एक मिनिट," सोनलने हात वर केले. "आता आजच्या वॉकमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आणि ही पुराव्यासकट आहे बरं का. पोर्तुगीजांच्या काळात एक गलबत इथल्या धुक्यात वाट चुकलं. खलाशी तीन दिवस उपाशी. चौथ्या दिवशी त्यांना किनाऱ्यावरून हंडीचा वास आला आणि वासाच्या मागावर ते सुखरूप नरपडला लागले. तेव्हापासून इथे हंडी कायम समुद्राकडे तोंड करून उघडतात. कोणी वाट चुकलं असेल तर त्याला वास जावा म्हणून."

बकुळाने हंडी निखाऱ्यांतून काढली, पश्चिमेकडे वळून बसली आणि केळीचं पान सोडलं. वाफ तिच्या चेहऱ्यावरून वर गेली. विनिताने फोन खाली ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दशरथरावांच्या हातातून पेन्सिल निसटली.

सत्त्याऐंशी साली वाचनालयाची स्मरणिका निघाली होती. छापखान्यात शेवटच्या क्षणी एका पानाची जाहिरात गळाली आणि भास्करभाऊ म्हणाले, दशरथ, काहीतरी लिहून दे, पान कोरं जायला नको. दशरथरावांनी पार्सल ऑफिसात बसून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, गलबत रचलं, धुकं रचलं, तीन दिवसांची उपासमार रचली. खाली लिहिलं, 'जुन्या लोकांकडून ऐकलेले.' कोणाकडूनही ऐकलेलं नव्हतं. पुढे वहीत त्यांनी ही गोष्ट घेतली नाही. पण ती खोटी आहे असंही कुठे लिहिलं नाही. तेवढं पान ते विसरले होते, म्हणजे विसरल्यासारखं करून बसले होते.

सकाळपासून ज्या तोंडांनी खोटं गिळलं त्यांची त्यांना किळस आली होती. हे खोटं तर त्यांनी स्वतः शिजवलेलं होतं, आणि सगळ्यांत चवदार निघालं होतं.

"काका," विनिताने विचारलं, "इथे प्रत्येक घरात असं करतात?"

सोनलने कौतुकाने दशरथरावांकडे पाहिलं. पिशवीतून तिने त्या पानाची फोटोकॉपी काढली होती. तळाशी 'द. चुरी' असं नाव होतं. गप्प राहिलं असतं तर पुरलं असतं. त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. गप्प राहणं त्यांना श्वासासारखं येत होतं. पण समोर बकुळा पश्चिमेकडे तोंड करून बसलेली होती. आपल्या एका पानाने ही बाई छत्तीस-सदतीस वर्षं हंडी फिरवत बसली आहे, हे त्यांना बघवेना.

"नाही," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की त्यांना पुन्हा बोलावं लागलं. "नाही. कोणीच करत नव्हतं. ती गोष्ट मी रचली. पान भरायला. बकुळावहिनी, तुमच्या सासऱ्यांना मी फसवलं. तुम्हालाही."

जतीनने पुढे केलेलं ताट तसंच धरून ठेवलं.

बकुळाने वळून पाहिलं. "फसवलं? कोणाला?"

"तुम्हाला सगळ्यांना."

"अहो पार्सलबाबू, माझ्या सासऱ्यांचं घर समुद्राला लागून. त्यांच्या आज्याच्या वेळेपासून हंडी पुरतात. आमच्या घरात हंडी कुठे तोंड करून उघडतात ते आम्हाला ठाऊक नसणार, आणि स्टेशनात बसून तुम्हाला ठाऊक असणार? मामंजी स्मरणिका घरी घेऊन आले त्या दिवशीच वाचून पोट धरून हसले. म्हणाले, दशरथने गलबत बुडवलं नाही, एवढी मेहेरबानी."

"मग तुम्ही..."

"पोरं लहान होती. त्यांना मज्जा वाटायची. मग राहिलं तसंच. आता ही ताई म्हणते करा, म्हणून करते." तिने हंडीत डाव घातला. "सदतीस वर्षं तुम्हाला वाटत होतं, तुम्ही नरपडला फसवलंत. केवढा भारी माणूस."

नवशीने पेला देताना टोमणा मारला होता, शैलेशने कानाशी. बकुळा सरळ तोंडावर हसली. दशरथरावांना वाटलं, आपण सकाळपासून चौदा चुका मोजत होतो तेव्हा सगळं गाव आपल्याला मोजून बसलं होतं.

जेवण झाल्यावर सोनलने कागद पुढे केला. तिचा चेहरा थोडा उतरला होता, पण ती मुळात वाईट मुलगी नव्हती. दशरथरावांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला चौदा चुका ओळीने उतरवल्या. शैलेशचा बाक, खमण, चिकू, सगळं. मग पंधरावी लिहिली: 'हंडी समुद्राकडे उघडण्याची प्रथा नाही. ती मी १९८७ साली रचली.' खाली सही केली. 'स्थानिक इतिहास अभ्यासक' ही ओळ कागदाच्या दुसऱ्या बाजूला राहिली. मागे काही छापलेलं नव्हतं.

सोनलने वाचलं. "काका, यावर कंपनी पुस्तक छापणार नाही."

"हो."

"आणि खरं सांगू? बाकी मी बदलीन एखादवेळेस. पण हंडीची गोष्ट मी काढणार नाही. लोकांना तीच आवडते. तुम्ही बघितलंत ना, विनिता मॅडम कशा..."

दशरथरावांनी विनिताकडे पाहिलं. ती हंडीचं रिकामं तोंड जवळून बघत होती आणि नवऱ्याला सांगत होती, की तरीसुद्धा छान आहे.

"वही परत द्या," ते म्हणाले.

सोनलने ती पिशवीतून काढून दिली. नवं कव्हर एका कोपऱ्यात दुमडलं होतं. रिक्षात चौघांना जागा होती, तरी दशरथराव चालत निघाले. फाटकापर्यंत गेल्यावर मागून बकुळाने हाक मारली आणि स्टीलचा डबा त्यांच्या हातात ठेवला. डबा अजून गरम होता.

"संध्याकाळला होईल. घरी जाऊन खा," ती म्हणाली. "कुठल्याही दिशेला तोंड करा. आणि त्या वहीत आमच्या वाडीबद्दल काय काय लिहिलंय ते एकदा आणून दाखवा. चुका मी सांगते."

दशरथरावांनी वही काखेत मारली. चाळीस वर्षांत ती मागणारं हे दुसरं माणूस. वाटेत त्यांनी डोक्यात राऊतांच्या वाडीची पानं उलटून पाहिली. निदान तीन ठिकाणी 'जुन्या लोकांकडून ऐकलेले' असं लिहिलेलं होतं, आणि कोणाकडून, ते त्यांना आठवेना.